पावणेपाच सेकंद

ब्रेमेनला एक मनोरा आहे.
वर चढून बघायसाठी नाही,
आतून पडायसाठी बांधलेला.

आधी दोन तास हवा उपसायची.
पंप घरघरत राहतात,
नळीतला शेवटचा श्वास निघेपर्यंत
आम्ही खाली चीज-पाव खातो,
कुणी शब्दकोडं सोडवतं.
मग वरून कुपी सुटते, एकशे दहा मीटर,
आणि थर्माकोलच्या दाण्यांच्या हौदात
धप्पकन रुतून बसते.
झालं.
सगळं मिळून पावणेपाच सेकंद.

एवढ्या वेळात पाण्याच्या ध्यानात येतं
की आपण कुणाचं काही देणं लागत नाही.
काचेच्या चौकोनी भांड्यात
ते आधी जरा बावरतं,
झोपेतून उठल्यावर दार कुठल्या बाजूला
हे न आठवणाऱ्या पाहुण्यासारखं.
मग त्याला कोपरा सापडतो
आणि कोपऱ्याला धरून ते चढू लागतं.
वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात.
जातं.
चित्रफीत थांबवून थांबवून
मी त्याची चाल मोजली आहे,
मिलिमीटरमध्ये.

हे सारं नोंदवहीत आहे.
नोंदवहीत नाही ते एनो त्यार्क्सचं.

एनो नॉर्डेनचा, समुद्राकाठचा.
एकतीस वर्षं कुपीचे बोल्ट आवळले त्यानं,
आणि रोज तीन वाजता चहा.
कपात आधी खडीसाखर,
तिच्यावर कढत चहा, ती तडकल्याचा आवाज ऐकायचा,
मग चमच्यानं कडेकडेनं साय सोडायची.
साय तळाला जाते, क्षणभर दिसत नाही,
आणि मग फुलत वर येते.
त्यांच्या बोलीत तिला ढगुली म्हणतात.
ढवळायचं नाही.
ढवळणाऱ्याला एनो पुन्हा विचारत नसे.

त्याच्या निवृत्तीच्या आठवड्यात
ट्रॉन्डहाइमच्या मुलांची टाकी गळली
आणि एक फेरी रिकामी राहिली.
गेझाबाई, आमच्या प्रमुख, म्हणाल्या,
मला एक लांबलचक फोन करायचाय.
त्या गेल्या. दार लावून घेतलं त्यांनी.

एनोनं पारदर्शक डबीत चहा भरला,
झाकणातून इंजेक्शनची सुई, सुईत साय,
सुटल्यावर एका सेकंदानं दाबणारी छोटी मोटर.
दोन तासांत चहा निवला, साहजिकच.
पिणार कोण होतं?

पडली कुपी.

पडद्यावर आम्ही पाहिलं:
चहा डबीच्या कोपऱ्यांतून वर निघालेला,
आणि साय
सुईच्या टोकाशी, पांढरी, गोल,
जिथं ठेवली तिथंच.
तळाला गेली नाही.
वर आली नाही.
थोडी मोठी झाली, एवढंच.
शेवटच्या चौकटीत सगळा गढूळ रपाटा.

एनोनं तीनदा पाहिलं.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
"मला वाटायचं, हलकी आहे म्हणून येते वर,"
तो म्हणाला.
"हलकी तर ती आत्ताही होती."
मी म्हटलं, हलकं असून भागत नाही,
शेजारच्यानं जड पडावं लागतं.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं लोक पावतीकडे पाहतात,
बरोबर आहे, पण इतके?

तीन वाजले होते.
त्यानं किटली ठेवली, दोन कप मांडले.
त्याच्या कपात ढगुली आली,
सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखी.
माझ्यात आली नाही.
मी साय मधोमध ओतली होती,
एकतीस वर्षं शेजारी बसून सुद्धा
हात शिकला नाही.
तो काही बोलला नाही, कप बदलून घेतला फक्त.

तिसऱ्या कपानंतर त्यानं चमचा कपात ठेवला.
त्यांच्याकडे याचा अर्थ: आता नको.
तोवर तो ओततच राहणार, हा यजमानाचा धर्म,
पण आज यजमान तोच होता.

बाहेर पंप सुरू झाले,
पुढच्या फेरीचे.
कपाच्या तळाशी खडीसाखरेचा तुकडा उरला होता,
न विरघळलेला,
आपल्या वजनानं बसलेला.